एकतीस अर्जांवरचं नाव

"हेमराज नावाची एखादी बँक आहे का हो?"

बुडालेल्या पतसंस्थेच्या ठेवीदारांचे अर्ज घ्यायला आर्वीत जे ऑफिस उघडलं होतं, तिथल्या सपना मॅडमनी हसत हसत गठ्ठा परत सरकवला. रोहणा गावचे एकतीस अर्ज. 'ठेव कोणाकडे ठेवली?' या रकान्यात एकतीस जणांचं एकच उत्तर होतं : हेमराजकडे.

"इथे संस्थेचं नाव पाहिजे. उद्या शेवटची तारीख. नाहीतर एकालाही छदाम मिळायचा नाही."

हेमराजला हसू आलं नाही. अर्ज त्यानंच वाटले, त्यानंच गोळा केले. पण दुसऱ्याचा कागद वाचायचा नाही, ही त्याची जुनी सवय नडली. एकोणीस वर्षं तो संस्थेचा एजंट म्हणून दारोदार फिरून रोजची बचत नेई आणि कार्डावर सही करी. संस्थेला टाळं लागलं, तरी संध्याकाळी पाचची फेरी त्यानं सोडली नव्हती. नुसतं तोंड दाखवायचं, शिव्या खायच्या, पुढच्या दारी जायचं. बायको म्हणे, "तुमची हौस दांडगी!" तोंडावरच्या शिव्या त्याला सोसत होत्या. हे कागदावरचं नाव मात्र जिव्हारी लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

गठ्ठा घेऊन तो रोहण्याला परतला. पहिलं दुकान मनकर्णाबाईचं. स्टँडवर तिची भजी. रोजच्या पहिल्या घाण्याचे पैसे ती बचतीत टाकी आणि जिभेनं भज्यातल्या मिरचीलाही हार जाणारी नव्हती.

"मावशी, माह्यं नाव काऊन लिवलं? म्या खाल्ले का तुह्ये पैसे?"

"येडा झाला का तू?" झारा तसाच हातात धरून ती म्हणाली, "ज्याले देल्ले त्याचंच नाव लिवायले लावलं नातीले. तुह्या संस्थेचं तोंड म्या कधी पाह्यलं? ते तं शटर पाडून पयाली. तू रोज येऊन राह्यला. जो येते, त्यालेच मागन न मानूस?"

हेमराजच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यानं समजावून सांगितलं, आपल्या नावावर काट मारली आणि वर संस्थेचं नाव लिहिलं. खाडाखोडीशेजारी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली.

मनकर्णाबाईनं हात मागे घेतला. "आता तुह्यं नाव कोठीच नाई?"

"नाई."

"मंग मले नाई पाह्यजे. ज्या कागदावर ओयखीचं कोनी नाई, त्याच्यावर मी अंगठा देत नाई."

"पैसे बुडतीन, मावशी!"

"बुडू दे."

हेमराज हवालदिल होऊन कागद वरखाली चाळत राहिला. अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती : साक्षीदाराची सही. त्यानं घाईघाईनं तिथे सही केली.

मनकर्णाबाईनं पदराला हात पुसले, डब्यातून आपलं तेलकट कार्ड काढलं आणि कागदाशेजारी धरलं. लिहिता-वाचता येत नसलं तरी त्या 'ह'ची लांबलचक शेपटी तिला पाठ होती.

"हाव. हे सही ओयखतो मी."

तिनं अंगठा दिला आणि कढईकडे वळली. "उद्या येजो," ती रोजच्यासारखं म्हणाली.

"येतो," हेमराज म्हणाला आणि उरलेले तीस अर्ज घेऊन तो पुढच्या दारी गेला.