खाली उतरायची हिंमत

मी एक जुनी फळी आहे, आणि मित्रांनो, तुम्ही माझ्याकडे असे टक लावून का बघताय, ते आधी सांगा. बसायचंय? की नाव कोरायचंय? राग मानू नका, माझा स्वभावच संशयी आहे. सूर मारायची फळी म्हणून मी पोहण्याच्या तलावावर आयुष्य काढलं. तिथे पाठीवर येणारा प्रत्येक पाय पारखून घ्यावा लागतो.

हा संशय मला जन्मापासूनच मिळाला. ज्या सुताराने मला घडवलं, त्याचा स्वतःच्या हातांवरही पुरता विश्वास नव्हता. पातळ पट्ट्या एकीवर एक चिकटवून त्याने मला रंधा मारला, विटांवर आडवी ठेवली आणि माझ्यावर चढून चक्क नाचू लागला. बायको म्हणाली, "अहो, वेड लागलंय का?" तो म्हणाला, "पोरं उड्या मारणार आहेत हिच्यावर. पडायचंच असेल, तर आधी मी पडतो." त्याच्याइतकी काळजी पुढे माझी कुणी घेतली नाही.

तलावावर मला मागच्या टोकाला दोन जाड बोल्टांनी लोखंडी घोडीवर आवळलं. सुरुवातीला माझं कोण कौतुक! लोक म्हणायचे, "काय उसळी आहे हिची!" मी खूश व्हायचे, पण कान टवकारलेलेच असायचे. कारण पायऱ्यांशी एक शब्द सारखा ऐकू यायचा. "डेअरिंग आहे का रे?" हा शब्द आला की माझ्या मनात पाल चुकचुकायची.

त्याचा अर्थ मला रोज पोहायला येणाऱ्या एका मावशींमुळे कळला. त्या इंग्रजी शिकवायच्या. रोज सकाळी पोहून झालं की काठावर पाय सोडून बसायच्या आणि आपल्या भाचीची उजळणी घ्यायच्या. भाचीला घरात सगळे बुटकी म्हणत. मावशी सांगायच्या, "डेअर म्हणजे धाडस करणं. पण दुसऱ्याला डिवचलं, 'करून दाखव' म्हटलं, तरी डेअरच. 'हाऊ डेअर यू' म्हणजे तुझी हिंमत कशी झाली? आणि 'आय डेअर से' म्हणजे नुसतंच, बहुतेक असं असावं."

मी मनात म्हटलं, चार तोंडांचा शब्द! असल्याचा भरवसा धरू नये. पहिल्या अर्थाची माणसं तर माझ्याकडे क्वचितच यायची. बहुतेकांना खालून कुणीतरी हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं असायचं. यात मावशींचा मुलगा पटाईत होता. बुटकी त्याला दादा म्हणायची आणि तो तिला रोज डिवचायचा.

वर्षं गेली. बोल्टांना गंज चढला. मी कुरकुरायचे, पण तलावाचे व्यवस्थापक म्हणायचे, "म्हातारी आहे, कुरकुरणारच." मग सूर मारायची स्पर्धा जाहीर झाली आणि एके दिवशी ते निळा रंग घेऊन आले. बोल्ट बदलणं राहिलं बाजूला, गंजावरूनच त्यांनी कुंचला फिरवला. इतक्या वर्षांत न केलेले लाड आजच कशाला? मी तेव्हाच ओळखलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. पण फळीचं कोण ऐकतो?

स्पर्धेच्या दिवशी पहिलाच नंबर बुटकीचा लागला. ती टोकाशी आली, सवयीप्रमाणे मला पायांनी एकदा हलकेच दाबून थांबली. तिने पुन्हा दाबून पाहिलं. खालून दादा ओरडला, "काय झालं? डेअरिंग संपलं?" सगळे हसले. तिचे तळवे घामाने भिजले होते, मला कळत होतं. मला वाटलं, आता ही लाजेपोटी उडी मारणार, आणि मी तिच्यासकट कलंडणार.

ती वळली आणि पायऱ्या उतरून खाली आली.

हशा पिकला. "हट, मी दाखवतो!" म्हणत दादा पुढे झाला. बुटकीने दोन्ही कठडे घट्ट धरून वाट अडवली.

"चढायचं नाही, दादा."

"मला अडवतेस? तुझी हिंमत कशी झाली?"

"भित्री म्हण. रडकी म्हण. पण चढू नकोस." ती खरोखर रडत होती.

व्यवस्थापक धावत आले. "खबरदार, खोळंबा करशील तर! हो बाजूला!"

मावशींनी मात्र भाचीच्या खांद्यावर हात ठेवला. "काय जाणवलं तुला?"

"डावीकडे जास्त दबते, मावशी. आधी अशी नव्हती."

"नवीकोरी आहे हो!" व्यवस्थापक म्हणाले. "हे बघा, पहाडासारखी!" आणि त्यांनी मागचं टोक धरून मला एक जोरदार हिसका दिला. कट्कन आवाज झाला. निळा रंग फुटला, डावा बोल्ट तुटून फरशीवर घरंगळला आणि पाण्यात डुबुक झाला. कुणी हसलं नाही. दादाने एक पाय पायरीवर ठेवला होता, तो त्याने गुपचूप खाली घेतला.

त्यानंतर मला काढलं. आता कपडे बदलायच्या खोलीबाहेर मी बाक झाले आहे. मध्यंतरी मावशी मुलांना घेऊन माझ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "डेअरचं एक वाक्य करा पाहू." दादा बुटकीकडे वळला. मग म्हणाला, "शी डेअर्ड टू कम डाउन." बुटकी टॉवेलात तोंड खुपसून हसली. त्याच्या बोलण्यात काही खोच आहे का, हे मी नीट तपासलं. नव्हती.

म्हणून मित्रांनो, कुणी वरून परत उतरून आलं, तर दात काढण्याआधी त्याला विचारा, काय जाणवलं तुला? आणि जुन्या वस्तू कुरकुरल्या तर रंग नका फासू, वाकून खाली बघा. बसा आता. पण आधी माझे पाय एकदा हलवून बघा. परवाच कुणीतरी त्यांना नवा रंग दिलाय.