साडूची हवा

चष्मेवाल्याला आपल्या साडूचा हेवा वाटायचा, आणि त्याचं कारण अवघ्या दोन अक्षरांचं होतं. सासरे साडूला ‘जावईबापू’ म्हणत. चष्मेवाला थोरला जावई, अकरा वर्षांची सेवा, एकही खाडा नाही. पण त्याला नुसतं ‘जावई’. बापू नाही.

सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं पाण्याचे नमुने तपासल्यामुळे आता ते चहासुद्धा उजेडाला धरून बघत. दोन्ही जावई घरी बिअर बनवायचे. गेल्या खेपेला सासऱ्यांनी थोरल्याचा ग्लास खिडकीकडे धरला आणि विचारलं, “जावई, टाकी कधी धुतली होती?”

ग्लासात हिरवा चुरा तरंगत होता. तो हॉप्सचा. बिअर आंबून झाली, की वासासाठी या वेलाची सुकी फुलं तिच्यात चार दिवस टाकून ठेवतात. वास उतरतो, पण चुराही उतरतो. साडूची बिअर मात्र लख्ख. “वा, जावईबापू!” सासरे म्हणाले, आणि लगेच जाहीर केलं, की त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला एकच पिंप ठेवायचं. ज्याचं सरस, त्याचं. निवाडा महिनाभरानं.

चष्मेवाल्यानं पुढची बिअर मलमलच्या फडक्यातून गाळली. चुरा गेला. आठवड्यानं रंगही गेला. बिअर तपकिरी झाली. बायकोनं एक घोट घेतला.

“यात पुठ्ठा भिजवलाय का?”

“गाळलीय.”

“पुठ्ठ्यातून?”

साडूला विचारणं हाच उपाय होता. पण थोरल्यानं धाकट्याला विचारायचं म्हणजे नाक कापून त्याच्याच हातात द्यायचं. म्हणून त्यानं बायकोला तिच्या बहिणीला फोन करायला लावलं. बहिणीनं नवऱ्याला विचारलं, नवऱ्यानं न्हाणीघरातून ओरडून सांगितलं, आणि ते दोन बहिणींतून गाळून चष्मेवाल्यापर्यंत पोचलं.

“तो म्हणाला, आधी त्यांची हवा काढायला हवी, मग गाळायचं बोला.”

“माझी हवा?”

“आता तुमचीच ना, आणखी कुणाची!”

चष्मेवाल्याचं टाळकं सरकलं. दुकानात एका गिऱ्हाइकाचा उजवा डोळा तपासून झाला होता. “डावा उद्या आणा,” असं त्याला सांगून त्यानं शटर ओढलं आणि तडक साडूचं घर गाठलं.

“कुणाची हवा काढतोस रे?”

“पिंपांची!” साडू म्हणाला. “या ना साडूभाऊ, तेच चाललंय.”

साडू फ्रिजदुरुस्तीवाला. त्याच्या घरात गॅसची नळकांडी फुलदाण्यांसारखी मांडलेली. एका नळीच्या तोंडाला त्यानं नायलॉनची बारीक जाळी घट्ट बांधली होती. तेच तोंड बिअरमध्ये बुडवायचं, म्हणजे चुरा मागेच राहतो. रिकाम्या पिंपात आधी कार्बन डायऑक्साइड सोडून हवा हुसकायची, मग बंद नळीतून बिअर आत.

“फडक्यातून गाळली की धारेला हवा लागते. हवा लागली की झाला पुठ्ठा. अहो, तिला वारासुद्धा लागू द्यायचा नाही.” एवढं सांगून त्यानं एक नळकांडं आणि नवी जाळी पिशवीत घालून थोरल्याच्या हातात दिली. “ठेवा तुम्हाला.”

म्हणजे हा स्वभावानंही चांगला होता! हे मात्र फार झालं. चष्मेवाल्याच्या पोटात अशी आग पडली, की चहा तिच्यावरच उकळला असता. पण साडू चहा टाकायला आत गेला.

साडूचं निवाड्याचं पिंप समोर. भरलेलं, बंद, सुखी.

चष्मेवाल्यानं झाकण उघडलं. फुस्स झालं. त्यानं पिंप दोन्ही हातांनी गदागदा हलवलं, आणि शंकेला जागा नको म्हणून चष्म्याच्या घरानं आत जरा वाराही घातला. मग झाकण लावलं.

“कसला आवाज हो?” आतून साडू.

“शिंकलो.”

निवाड्याच्या दुपारी सासऱ्यांनी थोरल्याचा ग्लास खिडकीकडे धरला. एक घोट घेतला, दुसरा घेतला. “स्वच्छ. वासही उत्तम. पिंप तुमचं, जावई.”

चष्मेवाला पुढच्या दोन अक्षरांसाठी थांबला. वाक्य संपलं होतं.

साडूचा ग्लास तपकिरी. सासऱ्यांनी घोट कसाबसा गिळला. “पुठ्ठा झालाय, जावईबापू.”

“कुठून हवा लागली कळेना, बाबा.” साडू म्हणाला.

सासरे उठले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “असू दे, बापू. आमच्या टाकीत एकदा म्हैस निघाली होती. होतं असं, बापू.”

दोनदा! आणि तेही ‘जावई’ वगळून, नुसतं सोलीव बापू. तो खांदा, तो हात चष्मेवाल्याला बघवेना. पुठ्ठ्याला एवढी माया मिळत असेल, तर त्या पुठ्ठ्यात आपलाही वाटा होता की!

“ते मी केलं,” तो म्हणाला. “झाकण मी उघडलं. हलवलंही मीच.”

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. सासऱ्यांनी साडूच्या खांद्यावरचा हात काढला नाही. दुसऱ्या हातानं थोरल्याचं पिंप टेबलाच्या कडेला सरकवलं.

“हे उचला, मिस्टर,” ते म्हणाले. “आणि जाताना दार ओढून घ्या.”