डाव्या हाताची बाजू

अर्धांगवायूचा झटका आला आणि फोटोवाल्यांचा स्टुडिओ बंद झाला. उजवी बाजू गेली, चेहरा एकीकडे ओघळला, आणि बोलण्यात एकच शब्द उरला: ‘नको’. पाणी हवं असलं तरी नको, दिवा हवा असला तरी नको. बायको डोळ्यांवरून काय ते ओळखायची.

स्टुडिओतला कॉम्प्युटर खाटेच्या पायथ्याशी आणून ठेवला होता. मुलगी परदेशात नर्स; तिची सुट्टी मंजूर होत नव्हती. रविवारी ती व्हिडिओ कॉल करायची. बाईंकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे लेकीचं तोंड दिसायचं ते कॉम्प्युटरवरच. आठवडाभर बाई त्या कॉलकडे डोळे लावून बसायच्या. घरात दुसरं बोलायला होतं कोण?

पण झटक्यानंतरच्या पहिल्याच कॉलपासून चित्र अडकायला लागलं. मुलगी बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थिजायची, आवाज तुटायचा, मग सगळंच बंद. तिकडे तिला बाबांच्या जागी नुसते चौकोनी ठिपके दिसायचे. इंटरनेटवाला येऊन गेला. बाहेरच्या खोलीत राउटरपाशी तपासून, लाइन चोख आहे, दोष घरातला आहे, असं सांगून त्याने हात झटकले.

शेवटी मुलीने फोनवरून आईलाच कामाला लावलं. राउटर बंद करून चालू करायला लावला. वायर दुसऱ्या खाचेत घालायला लावली. कॉम्प्युटरवरचा वेगाचा आकडा वाचायला सांगितला. तो कधी शंभर यायचा, कधी दहा, कधी वायर जोडलेलीच नाही म्हणायचा. मग नवी लांब वायर आणवून नुसती जमिनीवरून टाकायला सांगितली. आकडा हजारावर गेला आणि तिथेच राहिला.

“म्हणजे जुनी वायरच खराब आहे,” मुलगी म्हणाली. “ती काढ आणि त्याच जागी ही बसव.”

बाई भिंतीकडेने जुनी वायर सोडवत आत आल्या. खाटेमागे, डाव्या अंगाला, बोटांना काहीतरी टोचलं. निळं आवरण सोललेलं होतं आणि आतल्या तारा तुटून बाहेर आल्या होत्या. उंदीर असेल असं त्यांना वाटलं. पण उंदीर वायर पीळ देऊन दुमडत नाही. त्यांनी नवऱ्याचा डावा हात उचलून पाहिला. नखांत निळे कण होते.

“तुम्ही केलंत हे?”

त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरवरच्या कॅमेऱ्याकडे.

“नको,” ते म्हणाले. या वेळी त्यांना तेच म्हणायचं होतं.

बाईंना कळलं. उभ्या आयुष्यात या माणसाने दुसऱ्यांच्या हनुवट्या वर केल्या होत्या, माना वळवल्या होत्या, कॉलर नीट केल्या होत्या. वाकडा आलेला एक फोटो कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नव्हता. पण बाईंना रागही आला, आणि रागच वरचढ ठरला.

“आणि मी?” त्या म्हणाल्या. “मी कुणाशी बोलायचं?”

नवी वायर त्यांनी खाटेच्या उजव्या बाजूने नेली, जिकडचा हात हलत नव्हता.

रविवारी चित्र लख्ख आलं. असे चेहरे रोज पुसणारी ती मुलगी, पण तिचा हात चटकन तोंडावर गेला. तिने तो लगेच खाली घेतला. तोवर वडिलांनी पाहिलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या रविवारी कॉलची घंटा वाजताच मिटले. मग दर रविवारी तेच.

“आई, कॅमेरा तुझ्याकडे वळव,” एकदा मुलगीच म्हणाली.

बाईंनी बोटाने कॅमेरा जरासा फिरवला. इतकंच करायचं होतं. ते आधी कुणाला सुचलं नव्हतं, आणि ज्यांना हवं होतं त्यांना सांगता येत नव्हतं.

त्यानंतर मायलेकी तासन् तास बोलत आणि ते डोळे मिटून ऐकत. ऐकत असावेत. उन्हाळ्यात दुसरा झटका आला आणि ते गेले. मुलीला सुट्टी मिळाली ती त्यानंतर. बाबा शेवटी काही म्हणाले का, असं तिने विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि तिची बॅग आत नेऊन ठेवली.