चिंचोक्याची पट्टी

नांदेडच्या उन्हाळ्यात काहीच गोठत नाही, हे मंजुश्रीला सगळ्यांनी सांगून झालं होतं. तरी थंडीत न गोठणारं जेल बनवायचं, हाच तिच्या पीएचडीचा विषय होता. लातूरला भुसार मालाचं दुकान चालवणारा तिचा नवरा वीरेश म्हणायचा, "इथं नळाला पाणी येत न्हाई, अन् तू ते गोठू नये म्हणून शिकून राहिलीस."

जेल चिंचोक्याच्या पिठाचं. त्यात ग्लिसरीन आणि मीठ. त्याची बोटभर रुंद पट्टी ओढली तर रबरासारखी ताणायची, तुटायची नाही, आणि तिच्यातून वीज वाहायची. ताणली की कमी, सैल सोडली की जास्त. बर्फात पहारा देणाऱ्या जवानांच्या अंगाला ही लावता येईल, असं मंजुश्रीने अर्जात लिहिलं होतं. लावली मात्र आपल्या सात महिन्यांच्या मुलीच्या, गिरिजाच्या छातीला.

गिरिजा श्वास घेते की नाही, हे मंजुश्री पोरगी जन्मल्यापासून तपासत आली होती. नाकापुढे बोट धरायची, पोटावर तळवा ठेवायची, कधी गाढ झोपलेल्या पोरीला मुद्दाम उठवायची. आणि आता थंडीच्या चाचण्यांसाठी आठवडाभर नांदेडला राहायची वेळ आली. गाइड विरूपाक्ष सर म्हणाले, "जमत नसेल तर आजच सांगा, पुढच्याला घेतो." तिने संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. जीव थाऱ्यावर राहिला तर राहायचं. नाहीतर लातूरची शेवटची एसटी धरायची आणि पीएचडीला रामराम ठोकायचा.

पट्टीची वायर एका डबीला, डबीचं कनेक्शन घरातल्या जुन्या मोबाइलला, आणि त्यावरची ताणाची रेघ नांदेडला मंजुश्रीच्या मोबाइलवर. श्वास घेतला की वर, सोडला की खाली. हे तिने सासूबाईंना, मल्लम्मांना, नीट समजावून दिलं होतं.

"म्हंजे मी पोरीकडं बघायचं, अन् तू माझ्याकडं?"

"तसं नाही, आत्याबाई."

"तसंच हाय. असू दे."

सकाळी रेघ नुसती उड्या मारत होती. मंजुश्रीने दोनदा मीठ चुकीचं मोजलं. मग रेघ एकदम वेडीवाकडी झाली, नाहीशी झाली, परत आली. तिने घाबरून फोन लावला.

"आंघोळ घातली," मल्लम्मा म्हणाल्या. "झोपली आता."

त्यानंतर रेघ अशी सुरेख चालू लागली, की बघत राहावं. वर, खाली, वर, खाली. ना रडणं, ना दचकणं. पोरगी इतकी शांत कधीच झोपली नव्हती. मंजुश्रीने कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मन लावून काम केलं, डबाही सगळा खाल्ला.

दुपारी मात्र तिला रेघेवर बारीक बारीक दाते दिसले. तिने पुन्हा फोन लावला.

"आत्याबाई, छातीत घरघर आहे."

"कुणाच्या?"

"गिरिजाच्या!"

"न्हाई बाई. खिदळून राहिली."

"वरून कळत नाही, आतून असते. ओव्याच्या पुरचुंडीनं शेका."

मल्लम्मांनी ओवा गरम करून शेकलं. पोरीला गुदगुल्या झाल्या. रेघेवर काहीच फरक पडला नाही. मंजुश्रीने डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला.

संध्याकाळी वीरेशने व्हिडिओ कॉल लावला. गिरिजा त्याच्या मांडीवर उघडी बसून चमचा चावत होती. छातीवर पट्टी नव्हती. मंजुश्रीने मोबाइलच्या दुसऱ्या खिडकीत बघितलं. रेघ चालू होती. वर, खाली, वर, खाली.

"पट्टी कुठंय?"

"फ्रिजात," मल्लम्मा मागून म्हणाल्या. "आंघोळीला काढली. हा उन्हाळा, अन् ही मऊ वस्तू, इतळंल म्हणलं. वरच्या बर्फाच्या खणात ठिवली. डबीची लाइट चालू होती, म्हणून ती भाईर ठिवली. वायर दाराच्या रबरातून काढली."

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलंस का?"

जुना फ्रिज उन्हाळ्यात बंद म्हणून पडायचा नाही, दिवसभर थरथरत राहायचा. सकाळपासूनचे श्वास आणि दुपारची घरघर, दोन्ही त्याचीच होती.

"कडक झालीय का ती?"

फ्रिज उघडल्याचा आवाज आला. "न्हाई की. बर्फ दगडावानी झालाय, ही वाकून राहिली. वढली तर ताणती बी." मोबाइलवरची रेघ टुणकन वर गेली.

मंजुश्रीने कॉल चालू ठेवूनच विरूपाक्ष सरांना हाक मारून सांगितलं.

"घरच्या फ्रिजातली चाचणी आपल्यात धरत नाहीत," सर म्हणाले. "इथं पुन्हा करावं लागेल. थांबताय ना?"

आंघोळीनंतर दिवसभर पोरीचा एकही श्वास कुणी मोजला नव्हता. समोर मोबाइलवर वीरेशच्या हातातून ती चमचा ओढून घेत होती, आणि तो देत नव्हता.

"थांबते, सर."

ती परत मोबाइलकडे वळली, तोवर मल्लम्मांनीच विचारलं, "लावू का परत पोरीला?"

"नको," मंजुश्री म्हणाली. "फ्रिजातच असू द्या. आणि सकाळपर्यंत दार उघडू नका."

"मग दूध कुठं ठिऊ?"

याचा विचार मंजुश्रीने केला नव्हता. "शेजारी द्या."

"शेजारच्यांनी इचारलं तर?"

मंजुश्री रेघ बघत होती.

"बरं," मल्लम्मा म्हणाल्या. "सांगते, फ्रिज अभ्यासाला बसलाय."