खालच्या कडेचे ठिपके

बाबांनी ताईसाठी जन्मात एकच वस्तू करायला घेतली होती आणि तीही अर्धी सोडली होती. तरी तिला तिचं केवढं कौतुक! बेस गिटार होती ती. अंग कापून गुळगुळीत केलेलं, दांडी घडवलेली, दांडीवर फ्रेटच्या पट्ट्या बसवलेल्या. पण खुंट्या नाहीत, तारा अडकवायचा ब्रिज नाही, तारा नाहीत. म्हणजे दिसायला गिटार आणि कामाला फळी.

बाबा फर्निचरचे कारागीर. जगाची कपाटं केली, पण घरच्यांसाठी त्यांना कधी सवड झाली नाही. म्हणजे ताईसाठी झाली नाही. धाकट्या भावासाठी व्हायची. तो डावखुरा, म्हणून त्याच्या अभ्यासाच्या टेबलाचा खणसुद्धा त्याच्या डाव्या हाताशी. ताई पहिल्यापासून समजूतदार, आणि समजूतदार मुलीला कुणी काही करून देत नाही. तिला नुसतं समजूतदार म्हणतात.

कॉलेजात असताना ताई एका बँडमध्ये बेस वाजवायची, उसन्या गिटारवर. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिने ती गिटार परत केली आणि विषय मिटवला. आई गेली, धाकटा शिकायला बाहेर पडला आणि ताईला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या डेंटल लॅबमधून बोलावणं आलं. कवळ्या बनवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बॅग भरून दाराशी ठेवली होती, तेवढ्यात बाबांनी माळ्यावरून हे धूड खाली काढलं.

"तुझ्यासाठीच करत होतो," ते म्हणाले. "तू वाजवणं सोडलंस, मग माझाही हात थांबला."

ताईने बॅग रिकामी केली आणि गिटार भिंतीवर टांगली. त्या एका वाक्यावर तिने पुढची सगळी वर्षं काढली. बाबांचं पथ्यपाणी, औषधं, चिडचिड, सगळं निभावलं. "का गं, गेली नाहीस?" असं कुणी विचारलं की ती भिंतीवरच्या गिटारकडे बघून हसायची. आपल्या बापाने कधीतरी आपला विचार केला होता, याचा तो पुरावा होता. तिला तेवढा पुरे होता.

यंदा बाबांचे हात कापायला लागले, तेव्हा तिने ठरवलं, आता ही पूर्ण करायचीच.

"तुम्ही नुसतं सांगा. हात माझे."

"राहू दे गं. लाकूड जुनं झालं ते."

"जुनं लाकूड दगा देत नाही, हे तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

बाबांनी तोंड फिरवलं. तिला वाटलं, त्यांना भरून आलं असेल.

मागच्या खोलीत काम सुरू झालं. पॉलिश पेपर ताईला नवा नव्हता. दिवसभर ती दुसऱ्यांच्या दातांना चकाकीच आणत असे. पण लाकूड कोरायचा विजेचा राउटर हातात धरला आणि तो पहिल्याच झटक्याला उधळला.

"कवळी नाही ती!" बाबा दारातून ओरडले. "दाबू नकोस. त्याला त्याच्या गतीने खाऊ दे."

आवाजाच्या बटणांची खाच कुठल्या बाजूला कोरायची, हे तिला कळेना. दांडीच्या दोन्ही बाजूंची गिटारची शिंगं सारखी, खुंट्यांची भोकंही दोन्हीकडे दोन-दोन. तिने बाबांना विचारलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुझ्या उजव्या हाताला सोपं पडेल तिथे कोर," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

तिने कोरली. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपच्या वायरींना डाग देताना बोटं भाजून घेतली. ब्रिज एकदा वाकडा बसला, तो काढून पुन्हा बसवला. धाकटा फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता, "अगं, विकत आयती मिळते की!" ताई म्हणाली, "तुला नाही कळायचं ते."

अखेर तारा चढल्या. स्टुलावर बसून तिने गिटार मांडीवर घेतली, सगळ्यात जाड तार छेडली. स्टूल हादरलं आणि ताई मोठ्याने हसली. मग सूर शोधायला तिने मान खाली घातली.

दांडीच्या वरच्या कडेला बारीक पांढरे ठिपके असतात. वाजवणाऱ्याने खाली पाहिलं की बोट कुठे ठेवायचं ते त्यांवरून कळतं. इथे कड कोरी होती. पण घासताना तिने ठिपके पाहिले होते, नक्की पाहिले होते! तिने दांडी वळवून पाहिली. ठिपके होते, पण खालच्या कडेला. टेबलावर आडव्या पडलेल्या दांडीला वर-खाली नसतं, म्हणून इतके दिवस तिच्या लक्षात आलं नव्हतं.

बाबा चुकले, असं तिला आधी वाटलं. आणि मग वाटलं, बाबा? दाराची बिजागरीसुद्धा कधी उलटी न लावलेला माणूस? तिने गिटार फिरवून उलटी धरली, दांडी उजव्या हातात. ठिपके बरोबर डोळ्यांसमोर आले.

घरात डावखुरं माणूस एकच होतं.

तिला राग नंतर आला. आधी लाज वाटली. किती जणांना तिने भिंतीवरची ही गिटार दाखवली होती! डावलणं डावलणं म्हणतात, ते असं ठिपके मारून डावललेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. गिटार हातात घेऊन ती बाहेर आली. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

"ही धाकट्यासाठी होती."

बाबांनी गिटारकडे पाहिलंही नाही. "हट्ट धरला होता त्याने. मग त्याचं मन उडालं."

"आणि मला म्हणालात, तुझ्यासाठी."

"तू निघाली होतीस ना."

"मग 'जाऊ नकोस' म्हणायचं होतंत, बाबा! मी तेवढ्यानेही थांबले असते."

"रिकाम्या हाताने कसं म्हणणार? काहीतरी दाखवावं असं वाटलं. सगळं घर धुंडाळलं मी. तुझ्यासाठी केलेलं काही सापडेना."

हे खरं होतं, आणि ताईला ते त्या खोट्याहून जास्त लागलं. केसाने गळा कापणारा माणूस एवढ्या साध्या आवाजात बोलतो, हे तिला सहन होईना.

"मी खाच कोरत होते, तेव्हा तरी सांगायचं."

"तू खूश होतीस." बाबा जरा चुळबुळले. "ठिपक्यांचं एवढं काय घेऊन बसलीस? वरच्या कडेला दुसरे मारू. पाच मिनिटांचं काम आहे."

बाबांचे कापणारे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळले गेले. आता ते 'चुकलं माझं' म्हणतील, असं तिला वाटलं. तिने वाट पाहिली.

"मग," बाबांनी विचारलं, "आता जाणार का तू?"

"कुठे जाऊ? तेव्हा बोलावणारे होते. आता कोण बोलावतंय मला?"

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. तो लपवावा, हेही त्यांना सुचलं नाही. हात सैल सोडून ते मागे टेकले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "मग जरा चहा टाक."