लाल टिकलीचं वय

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. लातूरच्या ज्या दुकानात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापतात, तिथेच माझा जन्म झाला. पण माझ्या अंगावर कुणाचा हसरा चेहरा नव्हता. एक वळणदार रेघ होती. तिच्या एका टोकाला ‘कोवळे’ लिहिलं होतं, दुसऱ्या टोकाला ‘जुने’.

मंजुश्रीने मला नांदेडला आणून कॉलेजच्या खगोलाच्या खोलीत लावलं. ती संशोधन करत होती. दूरच्या काही दीर्घिकांत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या आकाशगंगांत, सहस्रकुंड धबधब्याच्या धारेसारखे धो धो तारे जन्मतात. लाखो तारे एकाच वेळी, एकाच घोळक्यात. अशा घोळक्यांची वयं ती रंगावरून काढायची. कोवळा घोळका निळा दिसतो. निळे तारे लवकर मरतात, मग उरलेला घोळका तांबूस होत जातो. प्रत्येक घोळक्याची जागा शोधून ती माझ्या रेघेवर टिकली लावायची आणि गुणगुणायची,

“पहिली गं टिकली, निळ्या कोवळ्या बाळाला,
दुसरी गं टिकली, लाल पिकल्या आज्याला.”

“लोकं कपाळाला लावतेत, अन् तू आभाळाला लावून राहिलीस!” तिची मैत्रीण ऋतुजा चिडवायची.

एका लाल घोळक्यापाशी मात्र तिचं मन अडलं. त्याच्याभोवती हायड्रोजन वायू चमकत होता, आणि तो वायू असा चमकतो फक्त कोवळ्या, तापट ताऱ्यांपाशी.

“सर, ह्यो म्हातारा न्हाई. मावळतीचा सूर्य धुळीतून तांबडा दिसतो ना, तसं झालंय. लई तर पन्नास लाख वर्षांचा असंल.”

तिचे मार्गदर्शक शिवमूर्ती सर हसले. “पोरी, पन्नास कोटी लिही. लाल ते जुनं. उगं डोकं चालवू नको.”

उन्हाळाभर ती धुळीचा हिशेब मांडत बसली. मग तिने ती टिकली उचलून ‘कोवळे’च्या टोकाला लावली. मला वाटलं, आता हिचं नाव होणार!

पुढे मोठं चर्चासत्र भरलं. माझ्याकडे बोट दाखवून सर म्हणाले, “माझ्या लक्षात आलं, की हा घोळका कोवळा आहे.” टाळ्या झाल्या. मंजुश्री मागच्या रांगेतून माझ्याकडे बघत राहिली. मी तिचा साक्षीदार, आणि मलाच पुढे करून तिला लुटलं!

सगळे गेल्यावर ती म्हणाली, “सर, माझं नाव...”

“अगं, लेकीसारखी तू मला. बापलेकीत तुझं-माझं असतं का?”

सरांच्या सहीशिवाय तिला पदवी मिळणार नव्हती.

“न्हाई सर, नसतं,” ती म्हणाली.

मग सरांचा फोटो असलेला नवा फ्लेक्स आला. मला उतरवलं ते तिनेच, एकदाही माझ्याकडे न बघता. आता मी अडगळीत कूलरवर पांघरलेला आहे. टिकल्यांचा डिंक वाळलाय, त्या गळून चालल्यात. खोटं कशाला बोलू, सरांपेक्षा माझा राग तिच्यावरच जास्त आहे. माझीच होती ना ती!

तरी मित्रांनो, मला धुवा, पुसा, पुन्हा भिंतीवर लावा, असं मी म्हणणार नाही. नवा फ्लेक्स बघायला तुमच्या शाळेची सहल येईल. त्यावर टिकल्यांच्या जागी छापील ठिपके आहेत, फार सुबक. टाळ्या वाजवण्याआधी मोठ्यानं एवढंच विचारा, “हा लाल ठिपका ‘कोवळे’पाशी पहिल्यांदा कुणी ठेवला?”

ती तिथंच, मागे उभी असेल.