गावी गेलेले

शुक्रवारी दुपारी सव्वाचार वाजता प्राचीनं फाइल पाठवणं थांबवलं. स्क्रीनवर ‘पाठवा’चं हिरवं बटण तसंच राहिलं. पोर्टल सहाला बंद होणार होतं.

अंबरनाथ पूर्वेच्या या ट्रस्ट रुग्णालयातून किडनीच्या रुग्णांची माहिती जायची होती. आणखी सहा देशांतून तशीच माहिती येणार होती. अभ्यासाचा प्रश्न एकच होता: टाळेबंदीच्या महिन्यांत साथीच्या आजारानं नव्हे, तर डायलिसिस चुकल्यामुळं किती माणसं गेली? नावं काढून टाकली होती. उरलं होतं वय, राहण्याचं ठिकाण, महिना आणि शेवट: उपचार सुरू, मृत्यू किंवा स्थलांतर. स्थलांतर झालेले हिशेबातून वगळले जाणार होते.

प्राची ज्या ओळीवर थांबली तिथं होतं: पुरुष, एकोणसाठ, चिखलोली, एप्रिल दोन हजार वीस. स्थलांतर.

“किर्ती सिस्टर, हे स्थलांतर कसं ठरवलं होतं तुम्ही?”

किर्ती सिस्टर डायलिसिस विभागातल्या सगळ्यांत जुन्या. त्या चहाचा कप घेऊन मागं येऊन उभ्या राहिल्या.

“कसं म्हणजे? तीनदा फोन लावायचा. नाही उचलला की गावी गेले. अगं, तेव्हा अख्खं आनंदनगर रिकामं झालं होतं. कंपन्या बंद, माणसं थांबून करणार काय? ड्यूटी नसती तर मीपण साताऱ्याला पळाले असते.”

“आणि चिखलोलीचा माणूस?”

“का, त्याला गाव नसतं?”

“चिखलोली हेच त्याचं गाव आहे, सिस्टर.”

किर्ती सिस्टरनं कप टेबलावर ठेवला. त्यांच्या इमारतीत मे महिन्यात मजलेच्या मजले कुलूपबंद असायचे. ज्याचं गाव पायाखालीच आहे, असा माणूस त्यांनी तेव्हा धरलाच नव्हता.

प्राचीनं पुन्हा त्या ओळीकडं पाहिलं. चिखलोलीमागच्या तिच्या पाड्यात डायलिसिसवर एकच माणूस होता: हरिचंद्र काका, तिच्या वडिलांचे, नाथांचे, थोरले भाऊ. ते गेले तेव्हा ती नाशिकला हॉस्टेलवर अडकली होती. वडिलांनी फोनवर सांगितलं होतं, ‘गेटवरनं परत पाठवला त्यांना. रिपोर्ट नव्हता म्हनून.’ ते वाक्य तिच्याजवळ पाच वर्षं होतं. त्याच गेटमधून ती आता रोज कामावर येत होती.

डॉ. विनीत, अभ्यासाचे इथले प्रमुख, दारातूनच म्हणाले, “गेली का फाइल?”

“एक नोंद चुकीची आहे, सर. तो मृत्यू आहे.”

“मृत्यू टाकलास की कारण भरावं लागतं. वाहन नाही, भीती, वस्तीतली बंदी, रुग्णालयानं नाकारलं. काय टाकणार?”

“शेवटचं.”

डॉक्टर आत आले. “कोण म्हणतं?”

प्राचीनं माउस सरळ केला.

“ओळखतेस तू त्यांना?”

“आमच्या पाड्यातले आहेत.”

“मग नियम माहितीये. ओळखीच्या नोंदीला हात लावायचा नाही. सिस्टर घरी फोन करतील, घरचे सांगतील ते जाईल. आपलं नाव खराब झालं तरी जाईल. पण सहाच्या आत.”

प्राची खुर्चीवरून उठली. खोलीबाहेर जायला हवं होतं. ती प्रिंटरपाशी थांबली. किर्ती सिस्टरनं जुन्या केसपेपरवरचा नंबर शोधला आणि टाइप करायला हात मोकळे हवेत म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

“हॉस्पिटलातून बोलतेय, काकू. हरिचंद्र भोईर...”

“ते नाय आता.” पुतळाबाईंचा आवाज. काकूचा. “पाच वर्सं झाली.”

“तेव्हा ते डायलिसिसला आले नाहीत. आम्ही गेटवरून परत पाठवलं होतं का?”

“शेवटाला तुमच्या गेटापरत पोचलेच नाय ते, बाय.”

प्रिंटरच्या ट्रेमधले कागद प्राचीनं उचलले आणि त्यांच्या कडा जुळवू लागली.

“गाडी मिळाली नाही?”

“गाडी होती. कारड दावला का पोलीस सोडायचे. आमचेच सोडनात. पाड्याच्या तोंडाला बांबू बांधलेले. म्हनायचे, हॉस्पिटलात जाशील तर चौदा दिवस बाहेर रव्हायचा. यांना तर दर तिसऱ्या दिवशी सुई. दोनदा जाऊन आले, बाहेर टेम्पोत झोपले. मंग म्हनाले, पुरे.”

“कुणी समजावलं नाही का हो?”

“समजावनार कोन? बांबूवर यांचाच पाठचा भाव उभा. नाथा.”

किर्ती सिस्टर टाइप करत होत्या. कागदांच्या कडा जुळल्या होत्या, तरी प्राची ते टेबलावर आपटत राहिली.

“कुनाला बोलले नाय मी हे,” पुतळाबाई म्हणाल्या. “सगली एका अंगनात ऱ्हातो. त्याची पोरगी माझ्या हातची वाढलेली. नाव नका लिवू.”

“नाव जात नाही, काकू. नुसता आकडा जातो. बाहेरच्या देशात.”

“लांब हाय ना? मंग जाऊ दे.”

फोन बंद झाला. किर्ती सिस्टर वळल्या.

“भोईर. तुमच्याकडं अर्धा पाडा भोईरच ना गं?”

“हो.”

“कारण काय टाकू?”

“त्यांनी सांगितलं ते.”

“वस्तीतली बंदी?”

प्राचीनं मान हलवली. मग, ते दिसलं नसेल म्हणून, तोंडानं म्हणाली, “हो.”

स्थानिक पत्ता असलेल्या बाकीच्या नोंदींत ‘स्थलांतर’ काढून किर्ती सिस्टरनं ‘माहीत नाही’ टाकलं. सहाला दहा कमी असताना फाइल गेली.

थोड्या वेळानं पोर्टलवर उत्तर आलं. फाइल मिळाली. एक ओळ पिवळी: ‘वस्तीतली बंदी’ या कारणाला दुसऱ्या प्रत्यक्ष साक्षीदाराचा दुजोरा हवा. मुदत सोमवार.

“घ्या. आता दुसरं कोण शोधायचं?” किर्ती सिस्टर म्हणाल्या.

प्राचीचा फोन वाजला. वडील होते.

“निघालीस का? पुतळावैनीनं बोंबलाचा कालवन धाडलाय. गरम हाय तवर ये.”

“बाबा, तुम्ही घरीच आहात ना?”

“मी कुठं जानार?”

तिनं फोन ठेवला. कोऱ्या कागदावर नुकताच आलेला तो नंबर लिहून तो किर्ती सिस्टरच्या कपाखाली सरकवला आणि पर्स उचलली.

शनिवारी सकाळी अकरा वाजता ओळ पिवळीच होती. त्या नंबरावर किर्ती सिस्टरनं दोनदा फोन लावला होता. दोन्ही वेळा पूर्ण वाजून बंद झाला. तिसरा लावायचा बाकी होता.